पिल्लू पापलेट ससून डॉकवर पकडून काय उपयोग? सोडायची जागा जाळ्यातच

होडीच्या फळीवर मोठं कासव, पायांत जाळ्याचे धागे अडकलेले, बाजूला सुरी घेऊन वाकलेला खलाशी. ‘सांभाळून काप रे’ असा आवाज येतो आणि मग छपाक! असा एखादा व्हिडिओ तुमच्या गावच्या ग्रुपवर आलाच असेल. पुष्कळांना वाटतं की पोरांनी हौस म्हणून काढला. पण त्यामागे पैशाचाही हिशेब आहे.

डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक योजना सुरू आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, करवत मासा असा कायद्याने संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्य विभाग मिळून ती देतात. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो, म्हणून मोबाईल बाहेर निघतो. पूर्वी हाच जीव जाळं वाचवण्यासाठी मारला जायचा किंवा गुपचूप फेकला जायचा. आता तो सोडण्याला थोडी तरी किंमत आली. मोठं जाळं यापेक्षा कितीतरी महाग पडतं, ही तक्रार आहे आणि ती खरी आहे. तरीही किनाऱ्यावरच्या सरकारी योजनांत ही कामाची निघाली, असं आमचं मत आहे.

पण ही गोष्ट झाली कधीमधी सापडणाऱ्या मोठ्या जीवांची. रोजच्या रोज जाळ्यात येणाऱ्या लहान माशांचं काय?

मोबाईलएवढाही नाही

२०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. पापलेट किमान १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. मिलिमीटरचं गणित डोक्यात बसत नसेल तर हातातला मोबाईल बघा. तो साधारण १६० मिलिमीटर लांब असतो. म्हणजे पापलेट मोबाईलपेक्षा बोटभर कमी असलं तरी चालतं, बोंबील मात्र मोबाईलपेक्षा लांब हवा. त्याच वर्षी चंदेरी पापलेटाला राज्य मासा म्हणून मान मिळाला. मान मिळाला, पण बाजारात त्याची पिल्लं दिसायची थांबली नाहीत.

हा नियम तपासायचा कुठे? बोटी लागतात तिथेच, म्हणजे बंदरावर. मुंबईचं ससून डॉक हे त्यातलं मोठं नाव. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत आणि माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर पहाटे बोटी खाली होतात, लिलाव होतात, आणि उजाडेपर्यंत मासळी बर्फात घालून दादर, गिरगाव, लालबागच्या दिशेने निघालेली असते. हर्णै, श्रीवर्धन, अलिबागच्या मासळीलाही शेवटी गिऱ्हाईक मुंबईचंच. आता समजा, अधिकारी पट्टी घेऊन धक्क्यावर उभा राहिला आणि त्याला चार इंचाची पापलेटं सापडली. तो दंड करेल, माल जप्त करेल. पण पापलेट काही जिवंत होणार नाही. ते अंडी घालायच्या वयाला पोचायच्या आतच मेलं, ते मेलंच.

इथेच कायद्याची खरी अडचण आहे. ट्रॉलरचं जाळं दोन-तीन तास ओढलं जातं. शेवटच्या पिशवीत मासा मासळीखाली दाबला जातो, आणि वर येईपर्यंत बहुतेक लहान मासळी मेलेली असते. ‘लहान असेल तर परत सोडा’ हे कागदावर छान वाटतं, पण बोटीवर सोडायला जिवंत काही उरतच नाही.

याला एक अपवाद चिंबोरीचा. कोळी माणसाने चिंबोरीसाठी जी युक्ती काढली, तिला आजही तोड नाही: नांग्या दुमडून सुतळीने आवळायच्या, ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. चिंबोरी अशी एक-दोन दिवस जिवंत राहते. दादरच्या बाजारात कोळीण ती पोटाकडून दाबून, भरली आहे की पोकळ ते तुम्हाला दाखवते. पोकळ किंवा लहान निघाली तर खाडीत परत सोडता येते, कारण ती जिवंत असते. पापलेट-बोंबलाच्या बाबतीत अशी दुसरी संधी नाही.

हाताळण्याचा धोकाही आहेच. २०१३ च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटाचे काटे लागून अनेक भाविक जखमी झाले होते. गुडघाभर पाण्यात ही गत. मग रात्री हलत्या बोटीवर, ओल्या फळीवर, शेपटी आपटणारं पाकट उघड्या हाताने धरून सोडायचं म्हणजे काय, याचा विचार करा. (काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, वेदना कमी होते, आणि मग दवाखाना गाठायचा.) ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्याने एकदा बोटीवर जाऊन यावं.

मग सोडायचं कधी?

मासा पाण्यात असतानाच. त्यासाठी दोन साध्या युक्त्या आहेत आणि दोन्ही जुन्या आहेत.

पहिली चौकोनी आसाची. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. जाळं ओढलं की तो ताणून मिटतो, मग लहान पिल्लूही बाहेर जाऊ शकत नाही. तेच जाळं शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाचं लावलं, तर ओढतानाही भोकं उघडी राहतात आणि पिल्लं पाण्यातच निसटतात. हात लावायचा नाही, निवडत बसायचं नाही.

दुसरी युक्ती ‘टेड’ची, म्हणजे टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइसची. पिशवीच्या अलीकडे सळ्यांची एक तिरकी चौकट बसवतात. कोळंबी सळ्यांच्या फटींतून मागे पिशवीत जाते. कासव मात्र चौकटीवर आदळतं, सरकत जातं आणि झडप ढकलून बाहेर पडतं. कासवाला श्वास घ्यायला पाण्यावर यावंच लागतं. जाळ्यात दोन-तीन तास कोंडलं तर ते बुडून मरतं. आपल्या वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यावर ज्यांची अंडी जपायला गावंच्या गावं उभी राहिली, ती हीच ऑलिव्ह रिडले.

गंमत म्हणजे टेडची मूळ कल्पना कुठल्या साहेबाची नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सिंकी बून नावाचा कोळंबी पकडणारा मच्छीमार होता. जेलीफिशने जाळं भरून जायचं म्हणून वैतागून त्याने अशी चौकट बनवली. कासवं वाचतात हे नंतर लक्षात आलं. पुढे सरकारने ती सक्तीची केली, तेव्हा तिथलेच मच्छीमार खवळले. १९८९ मध्ये टेक्सासच्या बंदरांसमोर बोटी आडव्या लावून त्यांनी वाहतूक अडवली होती. म्हणजे आपल्याकडचा विरोध काही जगावेगळा नाही.

त्याच १९८९ मध्ये अमेरिकेने कायदा केला: जो देश कासवं वाचवत नाही, त्याची समुद्रातली कोळंबी घ्यायची नाही. भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया हे भांडण जागतिक व्यापार संघटनेत घेऊन गेले. १९९८ च्या निकालात अमेरिकेची पद्धत भेदभावाची ठरली, पण कासवासाठी असा कायदा करण्याचा हक्कच नाही, असं काही म्हटलं नाही. शेवटी २०१९ पासून भारताच्या समुद्री कोळंबीला अमेरिकेचं दार बंद झालं. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ते लागू नाही. म्हणजे फटका बसला तो ट्रॉलरवाल्याला. आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या, ससून डॉकवर पहाटेपासून उकिडव्या बसून कोळंबी सोलणाऱ्या बायकांना. त्यांच्याविषयी या सगळ्या चर्चेत कुणी बोलत नाही.

मग टेड लावत का नाहीत? कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय पद्धतीची टेड तयार केली. तिच्या चाचण्यांत कोळंबीची घट एक टक्क्याच्या आत आली, इतर मासळीची साधारण तीन टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान आहे. पण तांडेल सरासरीवर जगत नाही. सळ्यांमधलं अंतर चार इंचांचं असेल, तर मोठी घोळ कासवासारखीच बाहेर जाणार. एक घोळ म्हणजे कधीकधी अख्ख्या फेरीचं डिझेल. ‘मी लावली आणि शेजारच्या बोटीने नाही लावली तर?’ हा त्याचा प्रश्न चुकीचा नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत टेडचा खर्च केंद्र आणि राज्याने मिळून उचलायची सोय आहे, पण निसटलेल्या घोळीचे पैसे कुठल्याच योजनेत नाहीत.

म्हणूनच आमचं म्हणणं असं की तपासणीची वेळ बदलायला हवी. बोट परत आल्यावर पाटीतला मासा मोजण्यापेक्षा बोट निघताना जाळ्याची पिशवी मोजा. आस चौकोनी आहे का, टेड शिवलेली आहे का, हे धक्क्यावर दहा मिनिटांत दिसतं, आणि सगळ्या बोटींना एकाच दिवशी एकच नियम लागला तर शेजाऱ्याची भीतीही जाते. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढवून झाले आहेत. दंड वाढला म्हणून मेलेलं पिल्लू पोहायला लागत नाही.

थोडी जबाबदारी ताटाकडेही जाते. लालबाग-परळच्या खाणावळीत गिरणीच्या काळापासून आपल्याच गावची माणसं जेवत आली आहेत. थाळीत अख्खा मासा हवा आणि भाव कमी हवा, मग वाटीएवढं पापलेट येतं. ते विकलं जातं म्हणून पकडलं जातं. तुमचा भाऊ-पुतण्या दादर, गिरगावला राहत असेल तर त्याला मोबाईलचं माप सांगून ठेवा.

आणि तुम्ही स्वतः बोटीवर जात असाल तर एवढं लक्षात ठेवा. जाळ्यात आलेलं कासव हालचाल करत नसलं तरी मेलं असं धरू नका. पाठीवर उलटं करू नका, पंख धरून ओढू नका. पोटावर ठेवा, मागची बाजू थोडी उंच करा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघेल. सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं टाका. शुद्धीवर यायला काही तास लागू शकतात. सोडताना जाळं पाण्यात नसावं, इंजिन न्यूट्रलला घ्यावं आणि डोकं पुढे करून हळूच पाण्यात सरकवावं. व्हिडिओ काढायला एकाला आधीच उभं करा, नाहीतर कापलेल्या जाळ्याचे पैसे मागताना हातात काहीच नसेल.