गिअर बदलतानाचा 'खट्' आवाज : दोष गाडीचा की चालकाचा?

विशेष प्रतिनिधी

सिग्नल सुटतो, गाडी पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाते आणि पायाखालून कुठून तरी 'खट्' असा आवाज येतो. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नाही, मायलेजही कमी झालेले नसते. मालक चार दिवस दुर्लक्ष करतो, पाचव्या दिवशी सर्व्हिस सेंटर गाठतो. तेथे त्याला बहुधा तीनपैकी एक उत्तर मिळते. 'या मॉडेलमध्ये असे होतेच', 'तुमची चालवण्याची पद्धत बदला', किंवा वॉरंटी संपलेली असेल तर 'गिअरबॉक्स खोलावा लागेल'. या तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे. गाडी लिफ्टवर चढण्यापूर्वीच ती दिली जातात.

हा प्रश्न अलीकडे अधिक टोकदार झाला, त्याला शहरी ग्राहकाची बदललेली निवड कारणीभूत आहे. २०१४ मध्ये मारुतीने 'सेलेरिओ'मध्ये एएमटी गिअरबॉक्स आणला आणि क्लचचे पेडल नसलेली गाडी प्रथमच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम चालकाऐवजी हायड्रॉलिक वा विजेवर चालणारी यंत्रणा करते, एवढाच फरक. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर खेच तुटणे हा या रचनेचा स्वभाव आहे, हे खरे. परंतु हलका झटका आणि धातूवर धातू आपटल्याचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'एएमटीचे असेच असते' या वाक्याखाली दोन्ही झाकल्या जातात.

मुळात हा आवाज येतो कसा? इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचताना गिअरचे दाते, शाफ्टवरील खाचा, सांधे अशा अनेक जोडांमधून जाते. या प्रत्येक जोडात थोडीशी मोकळीक ठेवावीच लागते. गॅरेजच्या भाषेत तिला 'प्ले' म्हणतात. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ताकदीची दिशा उलटते आणि पुन्हा दाबला की परत फिरते. प्रत्येक वेळी ही मोकळीक एका बाजूने भरून निघते. नव्या गाडीत ती इतकी कमी असते की कानाला जाणवत नाही. झिजेने ती वाढली, किंवा तिचा धक्का पचवणारे रबर फाटले, की 'खट्' ऐकू येते. म्हणजेच आवाज गिअर बदलताना आला म्हणून दोष गिअरबॉक्समध्येच असतो, हे गृहीतक चुकीचे आहे. गिअर बदलणे ही केवळ दोष उघडा पडण्याची वेळ असते.

सर्वाधिक दुर्लक्षित संशयित म्हणजे इंजिन माउंटिंग. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते आणि त्याचे पुढे-मागे हेलकावणे रोखण्यासाठी खालच्या बाजूला एक रबरी बुशांचा दांडा असतो. त्याचे रबर फाटले की ताकद मिळताच संपूर्ण इंजिन उसळते आणि आपटते. तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून एकाने चालकाच्या जागी बसायचे, बॉनेट उघडायचे आणि डी व आर यांमध्ये गिअर फिरवायचा. मॅन्युअल गाडीत क्लच किंचित सोडायचा. पाहणाऱ्याने गाडीच्या पुढे नव्हे, बाजूला उभे राहायचे. इंजिन थोडे हलणारच; उसळून आवाज करू लागले तर गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतर एक्सलचे सांधे. वळताना 'कट-कट' आवाज आला तर चाकाकडचा सांधा, सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर दाबता-सोडताना ठोका बसला तर गिअरबॉक्सकडचा, असा ढोबळ नियम आहे. रबरी बूट फाटून आतील ग्रीस आजूबाजूला उडालेले दिसले तर निदान निम्मे झालेच. बोलेरो, इको यांसारख्या मागील चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियन यांची भर पडते. चाकांना अडसर लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने फिरवून पाहिला तर मोकळीक जाणवते. या क्रॉसकडे मात्र 'बघू पुढच्या सर्व्हिसिंगला' म्हणून कानाडोळा करू नये. तो तुटला तर शाफ्ट धावत्या गाडीखाली लोंबू शकतो.

कधी कधी दोष ताकदीच्या मार्गावर नसतोच. पुढच्या सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे बुश झिजले की ब्रेक मारताना व गाडी उचलताना तोच, तसाच ठोका ऐकू येतो. स्पीडब्रेकरवरही आवाज येत असेल तर आधी तेथे पाहावे. थंड इंजिन जास्त आरपीएमवर असताना डी टाकल्यावर झटका बसत असेल तर दोष आयडलिंगचा असू शकतो. एएमटीमध्ये क्लच झिजत जातो तसा तो नेमका कोठे पकड घेतो हा बिंदू सरकतो आणि स्कॅनर लावून तो संगणकाला नव्याने शिकवावा लागतो. त्यासाठी पाना उचलण्याचीही गरज पडत नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या गाडीलाही हा आवाज होता. एका अधिकृत केंद्राने दोनदा 'नॉर्मल' असा शेरा मारला आणि तिसऱ्यांदा क्लचसह गिअरबॉक्सच्या कामाचा अंदाज हाती ठेवला. घराजवळच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून खालचे माउंटिंग दाखवले. रबर मधोमध चिरले होते. आवाज त्या दिवशीच थांबला. सर्वच केंद्रे अशी असतात असे नाही, आणि नाक्यावरचा प्रत्येक मेकॅनिक निष्णात असतो असेही नाही. परंतु निदानाला वेळ न देता भाग बदलण्याला पैसे मिळतात, ही व्यवस्था दोघांनाही लागू आहे.

चालकावर ठपका ठेवण्याची रीत केवळ भारतात नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फोकस, फिएस्टा व इकोस्पोर्ट या गाड्यांतील 'पॉवरशिफ्ट' या ड्युअल क्लच गिअरबॉक्सविषयी थरथर व झटक्यांच्या असंख्य तक्रारी होत्या. अनेक ग्राहकांना ही त्यांच्या चालवण्याची पद्धत असल्याचे सांगण्यात आले. तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने खटला भरला आणि एप्रिल २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने तक्रारी हाताळण्याच्या या वागणुकीबद्दल कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. 'पॉवरशिफ्ट'ची इकोस्पोर्ट भारतातही विकली गेली होती. चालवण्याच्या पद्धतीचा मुद्दा सर्वस्वी खोटा नसतो. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरने एएमटी गाडी धरून ठेवली तर क्लच लवकर जातोच. मात्र तो निष्कर्ष तपासणीनंतर निघायला हवा.

आपल्याकडे कायद्याची बाजू वाटते तितकी दुबळी नाही, पण पुराव्याचे ओझे ग्राहकावर आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. उत्पादनातीलच दोष आहे असे म्हणणाऱ्याकडून आयोग तज्ज्ञांच्या अहवालाची अपेक्षा ठेवतात, आणि अनेक तक्रारी तेथेच अडखळतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला. परंतु त्यासाठी दोष पर्यावरणाला, गाडीतील वा रस्त्यावरील लोकांना अपायकारक असावा लागतो. नुसता आवाज त्यात बसत नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश केला. तेथे माहिती मिळते. पण कंपनीच्या स्कॅनरविना एएमटीचा क्लच नव्याने शिकवू न शकणाऱ्या स्वतंत्र गॅरेजवाल्याची अडचण माहितीने सुटत नाही.

म्हणून तूर्तास सगळी मदार जॉब कार्डवर आहे. त्यावर 'आवाज येतो' एवढेच लिहून सोडू नये. कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरवर, इंजिन थंड की गरम, अॅक्सिलरेटर दाबताना की सोडताना, वळणावर की सरळ रस्त्यावर, हे तपशील सल्लागाराच्या नव्हे, आपल्या शब्दांत लिहून घ्यावेत. सल्लागाराला शेजारी बसवून आवाज ऐकवावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. 'नॉर्मल' म्हटले तर काय तपासले ते लेखी मागावे. वॉरंटीच्या काळात नोंदवलेली पहिली तक्रार पुढे फार उपयोगी पडते, कारण वॉरंटी संपल्यावर वाढलेला दोष आधीपासून होता, हे सांगणारा तोच एक कागद असतो. ग्राहक आयोगाकडे जायचे तर दोन वर्षांची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते. आणि एखादा भाग बदललाच, तर काढलेला जुना भाग डिकीत ठेवायला सांगावे.