काच काढायच्या आधी तिची जागा करा

आज पिकाचं नाही, पण साठवणुकीचंच बोलायचंय.

उन्हाळ कांदा काढायच्या आधी आपण चाळ झाडून घेतो, खालून हवा खेळते का बघतो, गळका पत्रा बदलतो. कांदा काढून झाला आणि मग जागा शोधत बसलो, असं कोणी करत नाही. मी मात्र आबांच्या जुन्या प्रीमिअर पद्मिनीच्या काचा काढताना नेमकं तेच केलं.

१९८८ साली आबांनी द्राक्षाच्या पैशातून घेतलेली ही गाडी. पत्रा सडायला लागला म्हणून पूर्ण उघडून रंगवायचं ठरलं. त्यासाठी काचा काढाव्याच लागतात, नाहीतर रबराखालचा गंज तसाच राहतो. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दोन महिन्यांचं काम. ठेवा कुठंतरी." आम्ही काचा गोणपाटात गुंडाळल्या आणि गोठ्याशेजारच्या शेडमध्ये कडब्याला टेकवून दिल्या.

चार महिन्यांनी गड्यानं कडब्याची पेंढी ओढली, मागची काच सरकली आणि तिचा कोपरा फरशीवर आपटला. फाडकन आवाज आला, अख्ख्या काचेचा चुरा झाला आणि तो चुरा कडब्यात गेला. गोठ्यात दोन गाभण गाई होत्या. कडब्यातली काच निवडून काढता येत नाही. दीडशे पेंढ्या खड्ड्यात पुरल्या आणि ऐन उन्हाळ्यात चारा विकत आणला. गड्याची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. "आपल्याला जागेला काय तोटा?" हा आपला भ्रम आहे. मळ्यात जागा भरपूर असते, पण निवांत जागा नसते. प्रत्येक कोपऱ्यात जनावर, पोरं, पोती, औजारं यांची ये-जा असते. आणि आपल्याकडं काच फुटली की नुकसान काचेपुरतं राहत नाही, ती चाऱ्यात जाते, धान्यात जाते, अनवाणी पायात जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे मुदत. शेतकऱ्याची गाडी दोन महिन्यांत होत नाही. छाटणी आली की काम थांबतं, भाव पडला की पैसा थांबतो. त्यामुळं काचा ठेवताना मध्ये दोन पावसाळे जाणार असं धरूनच ठेवाव्यात.

आधी काच कोणती आहे ते बघा. कोपऱ्यात बारीक छाप असतो. टफन्ड काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार केलेली असते. त्यामुळं तिचा पृष्ठभाग दाबात आणि आतला भाग ताणात असतो. मधोमध हातानं थोपटली तर तिला काही होत नाही, पण कडेला दगड लागला की सगळा ताण एकदम सुटतो. ती नंतर कापताही येत नाही. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. ती तडकली तरी एकत्र राहते, पण कडेनं ओल शिरली की पांढरी पडत जाते.

आता मी काय करतो ते सांगतो. जुन्या लाकडी पट्ट्यांची घोडी केलीय, जमिनीपासून वीतभर उंच. तिच्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकलेत, खिळ्याची डोकी रबरात बुडवून. काच उभी ठेवायची, भिंतीकडं थोडीशीच कललेली. आडवी ठेवली की कोणीतरी तिच्यावर पोतं ठेवतंच, आणि बाकदार काच तो भार सोसत नाही. कडांना १६ मिमीची ठिबकची जुनी नळी लांबीत चिरून बसवली. फुकटात झालं, आणि पक्कं झालं.

दोन काचा एकमेकींना चिकटवून ठेवू नका. मध्ये पाणी अडकलं की ढगाळ डाग पडतात, ते घासूनही जात नाहीत. आधी जुनं रबर काढा, माती धुवा, काच पूर्ण वाळवा. मध्ये मी डाळिंबाच्या पॅकिंगची फोमची जाळी घालतो. गोणपाट नको, ते ओल धरतं. खताच्या गोण्यांजवळही नको, तिथं जमीन पावसाळाभर ओली असते. जुनं रबर मात्र फेकू नका. नवं घेताना नमुना म्हणून तेच लागतं.

काचेवर मार्करनं लिहून ठेवा: ड्रायव्हर साईड, मागचा दरवाजा, बाहेरची बाजू. नंतर स्पिरिटनं पुसलं जातं. चिकटपट्टी वर्षभरात अशी बसते की खरवडावी लागते.

काही जण म्हणतात, काढताच कशाला, गाडीतच राहू द्या. तिथं ग्राइंडर चालणार आहे, हे विसरू नका. त्याच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते काचेत रुततात आणि पुढं गंजून तांबडे ठिपके दिसतात. म्हणून घोडीही वेल्डिंगच्या जागेपासून लांब ठेवा.

काही जण म्हणतात, नवी काच मिळते. जीपची सपाट काच असेल तर खरंय, काचवाला लॅमिनेटेड कापून देतो. पण पद्मिनीची मागची बाकदार काच? कुर्ल्याचा तो कारखाना बंद होऊन वीस वर्षांवर झाली. मी पुण्यापासून मुंबईपर्यंत भंगारवाले पालथे घातले. सात महिन्यांनी एक मिळाली, तीही चरे पडलेली. पैसे मोजताना नवीन काचेचे मोजले.

घोडी करायला मला अर्धा दिवस लागला. तो अर्धा दिवस काचा काढायच्या आधी काढला असता, तर दीडशे पेंढ्या वाचल्या असत्या आणि आबांच्या गाडीला तिची स्वतःची काच राहिली असती.

गाडी अजून उघडीच आहे. यंदा द्राक्षाला भाव मिळाला तर रंग होईल, नाहीतर पुढच्या वर्षी. काचांची आता काळजी नाही. आबा रोज संध्याकाळी शेडमध्ये जातात, एकदा घोडीकडं बघतात आणि काही न बोलता परत येतात. फुटलेल्या काचेबद्दल ते मला अजून एक शब्द बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.