वाढ हवी, पण धानाच्या बांधीत

मोठा कारखाना आला की भंडारा जिल्ह्यातली गरिबी आपोआप जाईल, असे या जिल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात आहे. सांगणारे बदलले, झेंडे बदलले, युक्तिवाद तोच राहिला: आधी देशाची, राज्याची, जिल्ह्याची संपत्ती वाढू द्या, ती वाढली की खालपर्यंत पोहोचेलच. या म्हणण्याचे खंडन मला करायचे आहे. पण त्याआधी दुसऱ्या एका म्हणण्याचा समाचार घेतला पाहिजे. वाढ वगैरे सारे श्रीमंतांचे थोतांड आहे, गरिबाला त्यातून कधी काही मिळाले नाही, असे चळवळीतली, माझ्या जवळची माणसेही आता सर्रास बोलतात. ते आपल्या घरातले म्हणून आधी तेच घेतो.

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा १९६०-६१ मध्ये खेड्यातल्या सुमारे ४० टक्के आणि शहरातल्या सुमारे ५० टक्के लोकांना पोटभर अन्नाइतकाही खर्च झेपत नव्हता, असे निघाले. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजले तर महाराष्ट्रात २००४-०५ मध्ये ३८ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २०११-१२ मध्ये ते १७ टक्क्यांवर आले. हीच वर्षे देशाच्या सर्वात वेगवान वाढीची होती. पुढे नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्राचा आकडा १४.८ वरून ७.८ टक्क्यांवर उतरला. हे आकडे सरकारी आहेत म्हणून झटकून टाकता येत नाहीत. लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातल्या कुठल्याही गावात साठीच्या पुढच्या बाईला विचारा. पावसाळ्यात कण्यांच्या पेजेवर काढलेले दिवस ती सांगेल, आणि सांगताना ती पक्क्या घराच्या ओसरीत बसलेली असेल, आत गॅसची शेगडी असेल, नात नर्सिंगला असेल. रेशनचे धान्य, घरकुल, गावापर्यंतचा डांबरी रस्ता हे सगळे कराच्या पैशातून आले आणि कर वाढला तो उत्पन्न वाढले म्हणून. ज्या देशाची तिजोरी रिकामी, तिथे अन्नसुरक्षेचा कायदा कागदावरच राहतो. वाढीला शिव्या घालणारा माणूस नकळत त्या बाईला पेजेकडे परत पाठवतो.

आता मुख्य प्रतिपक्ष. त्याचे सर्वात भक्कम रूप जगदीश भगवती यांनी मांडले. २०१३ साली अमर्त्य सेन यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला, तेव्हा त्यांचे म्हणणे होते की वाढ दोन प्रकारे गरिबाच्या कामी येते: एक, रोजगार देऊन, दोन, सरकारला महसूल देऊन. आधी वाढ झाली तरच आरोग्य आणि शिक्षणावर खर्च करायला पैसा येतो. यातले दुसरे मी वर मान्य केलेच आहे. पहिलेही तत्त्वतः खरे आहे. खोटे आहे ते राजकारण्यांनी त्याला जोडलेले ‘आपोआप’. त्याची परीक्षा घ्यायला भंडाऱ्यासारखा दुसरा जिल्हा शोधून सापडणार नाही, कारण इथे उद्योग आलेच नाहीत अशी सबब सांगता येत नाही.

तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मॅंगनीजच्या खाणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहेत. आज त्या मॉइल या सार्वजनिक कंपनीकडे आहेत. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना १९६० च्या दशकातला. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलॅंड. या कारखान्यांत नोकरी लागलेल्या घरांचे भले झाले, यात वाद नाही. मॉइलच्या कायम कामगाराचा मुलगा इंजिनीअर झालेला तुमसरमध्ये अपूर्वाईचा नाही. आणि तरीही २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातल्या बारा लाख लोकांपैकी दर पाचांतले चार खेड्यात होते आणि कमावत्या हातांपैकी बहुसंख्य हात शेतात होते. खनिज खणले, रेल्वेने गेले, बाहेरच्या भट्टीत वितळले, आणि जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या आकड्यात भर पडली. खाणीपासून थोड्या अंतरावरच्या बांधीत मात्र चिखल करणाऱ्याच्या मजुरीत त्या आकड्याने भर घातली नाही. ज्या धंद्यात यंत्र फार आणि माणूस थोडा, तो धंदा दुपटीने वाढला तरी हात दुपटीने लागत नाहीत. साकोली तालुक्यातल्या मुंडीपारला तर २०१३ मध्ये भेलच्या सौर प्रकल्पाची कोनशिला बसली, जमिनी गेल्या, आणि दहा वर्षे उलटली तरी उत्पादन निघाले नाही. तिथल्या तरुणांनी एका आश्वासनाच्या भरवशावर वये घालवली.

गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी १९५१ ते १९९१ या चाळीस वर्षांच्या भारतीय आकड्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. शेती आणि सेवा क्षेत्रातल्या वाढीने गरिबी घटली, कारखानदारीच्या वाढीने तसा परिणाम दिसला नाही, आणि शहरांच्या वाढीने खेड्यातली गरिबी फारशी हलली नाही, असा त्याचा निष्कर्ष. प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे: त्याच अभ्यासकांनी नंतर रिंकू मुरगई यांच्यासह दाखवले की १९९१ नंतर शहरी वाढीचा परिणाम खेड्यावर होऊ लागला, बांधकामाच्या मजुरीचा त्यात मोठा हात. हे आम्हालाही दिसते. धान कापून झाले की लाखनी, पवनीकडची पोरे नागपूरच्या बांधकामावर जातात आणि घरी पैसे पाठवतात. ती वाढच आहे. पण म्हातारे, लहान मुले आणि दीड एकर मागे ठेवून मिळवलेल्या त्या पैशात आजार निघाला की काय उरते, हेही मोजले पाहिजे.

त्याच नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते. गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात ते साचते. नागपूरचे उत्पन्न वाढले ते नागपूरच्या खात्यावर; नदीकाठच्या गावांचे पाणी नासले ते कुणाच्याच खात्यावर नाही. गोसेखुर्दचे तर सगळेच उलटे झाले. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले, मूळ अंदाज ३७२ कोटींचा, सिंचनाचे उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचे. खर्च अठरा हजार कोटींच्या पुढे गेला आणि कालव्यांची कामे पस्तीस वर्षांनंतरही रेंगाळलेली. ज्या वर्षी काँक्रीट ओतले त्या वर्षी ते राज्याच्या उत्पन्नात वाढ म्हणून नोंदले गेले. पाणी शेवटच्या बांधीत पोहोचले का, हे त्या हिशेबात विचारलेच जात नाही. बुडीत क्षेत्रातल्या गावांनी घरे दिली, जमिनी दिल्या, आणि मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले.

वाढीचा पैसा सरकारकडे आला तरी तो माणसाच्या जगण्यात आपोआप उतरत नाही. महाराष्ट्र हे देशातली सर्वात मोठी अर्थव्यवस्था असलेले राज्य. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के झाले. उत्पन्न वाढले, मुलांची उंची वाढली नाही. आणि ९ जानेवारी २०२१ ची रात्र भंडारा विसरू शकत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली, दहा बालके गेली, सात वाचली. श्रीमंत राज्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीपासून बालकांना वाचवणारी साधी व्यवस्था नसावी, याला पैशाची टंचाई हे कारण मी कधीच मान्य करणार नाही. पैसा होता. त्या बालकांच्या आयांचा त्या पैशावर हक्क आहे असे मानणारे कुणी नव्हते.

आता माझे मंडन. गरिबापर्यंत वाढ दोनच वाटांनी पोहोचते. एक, तो स्वतः जे काम करतो त्या कामाचे उत्पन्न वाढले तर. दोन, इतरत्र झालेल्या वाढीच्या पैशावर त्याचा कायद्याने मागता येणारा हक्क असेल तर.

पहिल्या वाटेचा हिशेब घालून पाहू. समजा, दोन एकरांचा धान शेतकरी आहे, एकरी पंधरा क्विंटल पिकले. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, म्हणजे हाती ७१ हजार. नांगरणी, पऱ्हे, रोवणी, खत, फवारणी, कापणी, चुरणी यांत निम्मे गेले असे धरा. उरले पस्तीस हजार, महिन्याला तीन हजारांच्या आत, आणि घरात पाच तोंडे. हा हमीभावही सहज पदरात पडत नाही. ऑनलाइन नोंदणी, सातबारा, मग खरेदी केंद्रावर नंबर. बारदाना संपलेला असतो, गोदाम भरलेले असते, ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला तर कट्टे पुन्हा उन्हात पसरायचे. चुकारे कधी येतील ते नक्की नाही, आणि सोसायटीचे कर्ज व कृषी केंद्राची उधारी थांबत नाही. म्हणून गरजू माणूस व्यापाऱ्याला कमी भावात देऊन मोकळा होतो. सरकारने अलीकडच्या वर्षांत हेक्टरी १५ हजार, मग २० हजार रुपये बोनस दिला. त्याने आधार मिळाला, मी नाकारत नाही. पण बोनस सातबाऱ्यावरच्या नावाला जातो. बटईने करणाऱ्याला तो मिळत नाही, रोवणीत दिवसभर कमरेत वाकून राहणाऱ्या बाईला तर नाहीच.

याच दोन एकरांत दुसरे पीक आले तर? उन्हाळी धानाला पाणी फार लागते हे मान्य. हरभरा घ्या, जवस घ्या, भाजीपाला घ्या. जमीन तीच, माणूस तोच, आणि घराला वर्षाचे दुसरे उत्पन्न. मजुरालाही हिवाळ्यात काम. जिल्ह्याला कोणता एक कारखाना इतक्या घरांत इतकी वाढ देऊ शकेल? चीनमध्ये गरिबी झपाट्याने घटू लागली ती १९७८ नंतर, कम्यून मोडून कुटुंबांना शेत कसायला मिळाले तेव्हा. किनाऱ्यावरचे मोठे कारखाने नंतरचे.

त्यासाठी लागणारे पाणी साठवण्याची जागा आपल्याकडे आधीच आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव पूर्व विदर्भात हजारोंनी आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, पण तिच्याबरोबर तलावाची रोजची देखभालही गेली. पाळीवर झाडे उगवली, पाणी सोडायचे तुडुम फुटले, तलावात गाळ साचला आणि बेशरमाची झुडपे माजली. तलावातली मासेमारी ज्यांच्या पोटाची, त्या ढिवर कुटुंबांची मासळी घटली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला, विशेषतः बायांना, सोबत घेऊन तलावांतले बेशरम काढले, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि मासळी परत येते हे दाखवून दिले. गाळ काढायला आणि पाळ दुरुस्त करायला हातच लागतात, आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात हात रिकामेच असतात. आता कापणीला हार्वेस्टर येतो, त्याने धान लवकर घरात पडतो आणि मजूर बाईचे कापणीचे दिवस जातात. हार्वेस्टर रोखण्याचे कारण नाही; तिच्या गेलेल्या दिवसांची भरपाई कामाच्या हक्काने झाली पाहिजे.

तो हक्क ही महाराष्ट्राचीच देणगी आहे. केवळ वाढ झाल्याने तळातल्या माणसाची गरिबी जाणार नाही, त्याला सार्वजनिक कामे द्यावी लागतील, असे दांडेकर आणि रथ सांगत होते. वि. स. पागे यांनी तेच योजनेत उतरवले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पैसा कुठून आला हे आज फार थोड्यांना आठवते. १९७५ च्या कायद्याने पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, आणि तो रोजगार हमीसाठी राखला गेला. मुंबईच्या कचेरीतल्या पगारातून कापलेल्या रकमेने विदर्भातल्या नाल्यावर बांध पडला. मुंबई वाढली नसती तर कर आला नसता. कायदा नसता तर तो कर कुठेही गेला असता.

पैसा कुठून आणायचा, हा शेवटचा आक्षेप. तो भंडाऱ्यात तरी करू नये. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणमालकाने त्यात पैसा भरायचा आणि तो खाणीने बाधित गावांवरच खर्चायचा, असा नियम आहे. आरोग्य, पिण्याचे पाणी, सिंचन हे सारे त्यात बसते. तुमसरच्या खाणपट्ट्यातल्या ग्रामसभांनी आपल्या तलावांची यादी करावी, कुठले तुडुम फुटले, कुठली पाळ खचली, किती बांधी कोरड्या राहतात हे लिहून ठराव करावा आणि प्रतिष्ठानच्या बैठकीत तो मांडायला लावावा. शंभर हेक्टरांपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, म्हणजे दार ठोठवायला मुंबईला जावे लागत नाही. येत्या उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत हा एक विषय तरी घ्यावा.