नळीसह घरी गेलेला रुग्ण

आधी भाकरी अडते, मग भात, शेवटी पाण्याचा घोटही. अन्ननलिकेच्या कर्करोगाचा रुग्ण तोवर घरीच मऊ खाऊन दिवस काढतो आणि घरचे त्याला पित्त समजतात. खर्रा आणि दारू दोन्ही सर्रास असलेल्या भद्रावती परिसरात 'घास अटकतो' ही तक्रार उपकेंद्रातल्या सिस्टरने ॲसिडिटीच्या गोळीवर निभावून नेऊ नये. अशा रुग्णाला एंडोस्कोपीसाठीच पाठवावे.

केमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया नागपूरला किंवा सेवाग्रामला होते. पण रुग्णाचे बरेचसे दिवस घरी जातात, नाकात रायल्स ट्यूब किंवा पोटावर जेजुनोस्टॉमीची नळी घेऊन. डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल असते एक ओळ: 'ट्यूब फीड चालू ठेवा.' ते कसे, हे बायकोला किंवा सुनेला कोण शिकवणार? मोठ्या रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांना आमचा आग्रह आहे, की नातेवाइकाने आपल्यासमोर स्वतः फीड देऊन दाखवल्याशिवाय रुग्णाला सोडू नका.

घरी मागून वर होणारा पलंग नसतो. भिंतीला गोधड्या-उशा रचून पाठ 30 ते 45 अंश उंच करायला शिकवा आणि फीडनंतर तासभर आडवे होऊ देऊ नका. नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण करा. ती सरकली असेल तर फीड बंद. फीडच्या आधी आणि नंतर 30 मिली पाणी. एसआर गोळ्या कुटून नळीत घालायच्या नाहीत. जेजुनोस्टॉमीत सिरिंजने भसकन ढकलले तर मुरडा आणि जुलाब होतात. तिथे हळूहळू ठिबकच हवे. ती नळी निसटली तर छिद्र काही तासांतच आकसते, म्हणून सकाळची वाट बघायची नाही. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर नाकातली नळी निघाली, तर ग्रामीण रुग्णालयात कुणीही ती पुन्हा सरकवू नये. जोडावर इजा होऊ शकते. आधी सर्जनला फोन.

नुसती भाताची पेज दिली जाते, हे आम्हाला सर्वांत जास्त खुपते. पोट भरते, माणूस झिजतच राहतो. शिजलेली डाळ, दूध, उकडलेले अंडे, शेंगदाण्याचे कूट, चमचाभर तेल हे मिक्सरमधून काढून फडक्याने गाळले की तेच फीड. मात्र कित्येक दिवस उपाशी राहिलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण खुराक नको. पोटॅशियम, फॉस्फेट घसरून जीव धोक्यात येतो.

डिस्चार्ज कार्डावर आणखी एक ओळ वाढवा: गावच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे नाव आणि मोबाइल नंबर. रुग्ण घरी पोहोचण्याआधी त्यांना फोन करा, आजचे वजन सांगा, आणि पुढचे वजन आठ दिवसांनी त्यांच्याकडून मागून घ्या.