फर्मचे नाव आणि आपले काम



गेल्या पावसाळ्यात आमच्या वांगणीतील दोघे बंधू माझ्या घरी आले. बांधकाम साहित्याचे दुकान, वडिलांच्या वेळेपासूनची पेढी. एका बांधकाम कंपनीकडे अठरा लाख रुपये थकले होते आणि मोठ्या मिनतवारीने मिळालेला धनादेश न वटता परत आला होता. थोरल्या बंधूंचा आग्रह एकच होता. ‘‘साहेब, फोर्टातल्या एखाद्या नामांकित सॉलिसिटर फर्मचे नाव सांगा. तिच्या लेटरहेडवर नोटीस गेली, की पार्टी आपोआप वठणीवर येईल.’’

मी एका जुन्या परिचिताकडून अशा एका फर्मचा पत्ता मिळवून दिला. भेटीची वेळ दहा दिवसांनी मिळाली. दोघे बंधू कर्जतहून येणारी सकाळची लोकल धरून मुंबईस गेले. तेथील वकिलांनी चहा दिला, कागद पाहिले आणि सौजन्याने सांगितले, ‘‘हे काम आमच्याकडे होत नाही. तुम्ही कल्याणच्या न्यायालयात काम करणारा वकील गाठा.’’ कल्याणच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो कोणत्या तारखेस मिळाला?’’ त्यास चौतीस दिवस झाले होते.

वाचकांना येथे नियम सांगणे आवश्यक आहे. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ नुसार, धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोहोचल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात आणि तरीही पैसे न आल्यास त्यापुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. धनादेशाची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असती, तर तो पुन्हा भरता आला असता. परंतु बंधूंनी तो मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात भरला होता. फौजदारी मार्ग बंद झाला. बँकेत इतकी वर्षे असे मेमो हाताळूनही, पत्ता देण्यापूर्वी मी तारीख विचारली नाही. या चुकीत माझाही वाटा आहे, म्हणूनच हा लेख.

मोठ्या लॉ फर्मची कीर्ती खोटी नसते. ती कशाबद्दल आहे, हे मात्र आपण पाहत नाही. मुंबईत ही परंपरा फार जुनी आहे. क्रॉफर्ड बेली ही फर्म १८३० पासूनची, लिटल अँड कंपनी १८५६ पासूनची. अमरचंद मंगलदास फर्मची स्थापना १९१७ ची. अशा फर्मच्या कार्यक्षेत्रांची यादी वाचली, तर कंपन्यांचे विलीनीकरण आणि खरेदी, शेअर बाजारातील भागविक्री, प्रकल्पांसाठीची मोठी कर्जे, लवाद, स्पर्धा कायदा, बौद्धिक संपदा, दिवाळखोरी असे शब्द दिसतात. प्रत्येक शब्दामागे स्वतंत्र वकिलांचा चमू असतो. यादीतील ‘दिवाळखोरी’ वाचून धाकट्या बंधूंना आशा वाटली होती. पण मार्च २०२० पासून दिवाळखोरी संहितेखाली कंपनीविरुद्ध अर्ज करण्यासाठी किमान थकबाकी १ लाखावरून १ कोटी रुपये करण्यात आली आहे. अठरा लाखांच्या उधारीला तो दरवाजा बंदच होता.

मग ही कीर्ती ठरते कशी? आपल्या देशात वकिलाला जाहिरात करण्यास मनाई आहे. बार कौन्सिलच्या नियमांत २००८ साली थोडी सवलत मिळाली. त्यानुसार वकिलाला आपल्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कार्यक्षेत्र एवढी माहिती देता येते. म्हणजे कार्यक्षेत्रांची ती यादी ही माहिती आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. चेंबर्स आणि लीगल ५०० यांसारख्या विदेशी निर्देशिका विषयवार क्रम लावतात. त्यासाठी फर्म स्वतः आपली कामे सादर करतात आणि अशिलांची मतेही घेतली जातात. मोठ्या कंपन्यांना त्यांचा उपयोग होतो. पण आपल्या गल्ल्यातील उधारी कोण वसूल करील, हे त्यांत सापडत नाही.

कीर्तीबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्यापारी घराण्यांना आयुष्यभर सल्ला देणाऱ्या अमरचंद मंगलदास फर्ममध्येच मातोश्रींच्या निधनानंतर मृत्युपत्रावरून दोन बंधूंत वाद झाला आणि तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. अखेर मध्यस्थीने मार्ग निघाला आणि २०१५ च्या मे महिन्यात एका फर्मच्या दोन फर्म झाल्या, सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दूल अमरचंद मंगलदास. जुने नाव दोघांनीही राखले. पेढीचे नाव हीच मोठी मालमत्ता असते, हे यावरून दिसते. कायद्याच्या जाणकारांच्या घरी हे घडते, तर आपल्या घरी वाटणीची कागदपत्रे वेळीच का करून ठेवू नयेत?

आता आपल्यापुरते पाहू. व्यापाऱ्याने वकील निवडताना तीन प्रश्न विचारावेत. असे काम आपण गेल्या दोन वर्षांत केले आहे का? ते कोणत्या न्यायालयात चालेल? प्रत्यक्ष काम आपण स्वतः पाहणार की कनिष्ठ सहकारी? उत्तर मोकळेपणाने मिळाले, तर फर्म लहान असली तरी चालेल. आणि ‘हे आमचे काम नव्हे’ असे सांगणाऱ्या वकिलाचा राग मानू नये. त्याने आपला वेळ आणि पैसा वाचवलेला असतो.

वकिलाकडे जाण्यापूर्वी घरची तयारीही हवी. भागीदारी पेढीची नोंदणी नसेल, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार तिला करारातून उद्भवलेल्या येण्यासाठी तिऱ्हाइतावर दिवाणी दावा करता येत नाही. या बंधूंची पेढी वडिलांच्या काळापासून नोंदणीविनाच चालली होती. दुसरे असे की, उद्यम नोंदणी असली म्हणजे ४५ दिवसांत पैसे मिळवण्याचे संरक्षण मिळते, असा अनेकांचा समज आहे. निव्वळ घाऊक वा किरकोळ व्यापार करणाऱ्यांना ती नोंदणी २०२१ मध्ये केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती खुली झाली. विलंबित देयकांचे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. तिसरे, मालाच्या उधारीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत करावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी येणे बाकी असल्याची सहीनिशी कबुली घेतली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दरवर्षी खातेउताऱ्यावर सही घ्यावी. त्यात संकोच कसला?

कल्याणच्या वकिलांनी आधी पेढीची नोंदणी करून घेतली. ३ लाख रुपये वा त्याहून अधिक रकमेचे व्यापारी दावे आता वाणिज्य न्यायालयात चालतात आणि तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे. तेथे कंपनीचे संचालक समोर बसले. व्याज सोडावे लागले, पण मुद्दल अठरा हप्त्यांत देण्याचे ठरले. आजवर सात हप्ते जमा झाले आहेत. थोरले बंधू आता प्रत्येक धनादेशाची तारीख वहीत लाल शाईने लिहून ठेवतात.

पुढील अंकात भागीदारी पेढीच्या नोंदणीची प्रक्रिया सविस्तर पाहू. तोवर आपल्या पेढीच्या नोंदणीचा कागद कपाटात आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे.