राखणदाराची रात्र

वर्षानुवर्षे पेढीची राखण केलेला श्वान म्हातारपणी वैशाखातल्या रात्री धापा टाकीत जागा बदलत राहतो. त्याला घाम येतो तो जवळजवळ तळपायांपुरताच; उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे धाप, आणि थकलेल्या हृदयाला व फुप्फुसांना तेच जड जाते. गार फरशी सुखावते, पण सांधे दुखवते. म्हणून वाऱ्याच्या जागी नवारीची बुटकी बाज मांडावी. हवा खालूनही खेळते. पाणी उशाशीच असावे. ओले फडके अंगावर पांघरू नये, त्याखाली उष्णता कोंडते. विसावूनही धाप शमली नाही किंवा तोल जाऊ लागला, तर साध्या पाण्याने अंग भिजवून वारा घालावा व तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे. ज्याने घराच्या झोपेसाठी रात्री जागविल्या, त्याला सुखाची झोप देणे हे ऋण फेडणेच होय.