आधी उलट, मग सुलट

मैत्रिणींनो, बसायला जागा मिळावी म्हणून सकाळी डोंबिवलीहून आधी उलट्या कल्याणला जाता ना? पास कल्याणपासूनचा काढावा लागतो, पण मुंबईपर्यंत उभं राहणं टळतं. वल्ही मारत महासागर ओलांडणारेही असाच हिशेब करतात बरं! बंगळूरात जन्मलेली अनन्या प्रसाद डिसेंबर २०२४ मध्ये कॅनरी बेटांवरून एकटी निघाली आणि ५२ दिवसांत अटलांटिक ओलांडून अँटिग्वाला पोचली. या वाटेवर नाव एकदम सरळ पश्चिमेला हाकत नाहीत. जुने खलाशी सांगत, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग वळा. तिथे ईशान्येचा वारा पाठीशी लागतो. एकटी बाई वल्ही ठेवून झोपली तरी नाव पुढेच सरकते. समोरून वारा असला, तर दिवसाची मेहनत रात्रीत वाया! घरात कुणी ‘उलटी कशाला जातेस?’ म्हणालं, तर एवढं जरूर सांगा.